पिंपातली परीक्षा

गोडादऱ्यात, कापडाच्या लूमवर राबणाऱ्यांच्या वस्तीत, आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. पूर्वी ते समुद्रातल्या तेलाच्या रिगवर हेल्पर होते. वादळात त्यांची कामगारांना राहायची बोट, बार्ज, बुडाली. हे वाचले, सोबतची पोरं गेली. तरी रिगवरची नोकरी हवी असलेली पोरं यांच्याकडेच येतात. तिथल्या ट्रेनिंगमध्ये पाण्याखाली श्वास रोखावा लागतो, आणि आमच्या लूमवाल्यांच्या पोरांना पोहायला कोण शिकवणार?

ते पोराला गच्चीवर नेतात, पाण्याच्या पिंपात डोकं बुडवायला लावतात आणि मानेवर हात ठेवतात. पोरगं तडफडलं की लगेच सोडतात, वर खूश होतात. "जाय घर, भाऊ. लूम काय वाईट नई," म्हणत त्याला स्वतःच्या हातचा चहा पाजतात. पास झालेल्याला चहा नाही. मला वाटायचं, काय विक्षिप्त माणूस आहे!

परवा भाच्याला घेऊन मीच गेलो. त्याने शेवटपर्यंत श्वास रोखला. डोकं वर काढलं ते हसतच. "मामा, जमलं!"

खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी भाच्याचं डोकं सावकाश पुसलं, मयताला आंघोळ घातल्यावर पुसतात तसं.