कांबळे काकांचा कोपरा

कांबळे काका आमच्या सोसायटीत सात वर्षं राहिले आणि त्या सात वर्षांत ते कुणाच्याही घरात उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बेल वाजवायची, दार उघडलं की हातातली वस्तू पुढे करायची आणि दोन पावलं मागे सरकून उभं राहायचं. आत या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नको, हाताला भुसा आहे." रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले असले तरी हाताला भुसा असायचाच. लोकांना तो विनय वाटायचा. दुसऱ्यांदा आग्रह करण्याचे कष्ट कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. मीही घेतले नाहीत.

ती वस्तू बहुतेक वेळा दारावरची पाटी असायची. वाघोलीतली आमची सोसायटी नवी, माणसं चारी दिशांनी येऊन पडलेली, दारं सगळी सारखी. काकांनी दोन वर्षांत अठ्ठावीस दारांना लाकडी पाट्या करून दिल्या. अक्षरं कोरलेली नव्हेत, लाकडातून आरपार कापून काढलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या रफाराला काकांच्या करवतीची तीन पाती मोडली होती. "माणूस सरळ आहे, आडनाव वाकडं," एवढंच म्हणाले.

हे काम ते स्क्रोल सॉ नावाच्या मशीनवर करत. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ते शिवणयंत्रासारखं दिसतं, फक्त सुईच्या जागी बारीक दातेरी पातं असतं आणि ते वरखाली होत राहतं. पातं जागा सोडत नाही, लाकूड आपण दोन्ही हातांनी फिरवायचं. घरात हे मशीन लावलं की खालच्या मजल्यावर भांडी थरथरायची, म्हणून ते पार्किंगमध्ये पंपाच्या खोलीशेजारी होतं. तिथे गाडी लागू शकत नाही असा एक तिरका कोपरा आहे. तो चेअरमनसाहेबांनी काकांना तोंडी देऊन टाकला होता. "वापरा हो कांबळे, आपलीच सोसायटी आहे." काका कोपरा रोज झाडायचे, कुणाची गाडी आली की मशीन बंद करायचे आणि दुपारी एक ते चार त्याला हातही लावायचे नाहीत. कोपरा गेला तर छंद गेला, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

नोकरी त्यांनी खडकीला केली होती, दारूगोळ्याच्या कारखान्यात, लाकडी पेट्या बनवायच्या विभागात. "बत्तीस वर्षं चौकोन केले," ते म्हणायचे. "पेटीला नक्षी चालत नाही. गोळ्याला काय कळतंय त्यातलं? आता म्हटलं, हात जरा वळू देत." निवृत्त झाल्यावर मुलीनं त्यांना हे मशीन घेऊन दिलं. बायको त्याआधीच गेली होती.

मी त्यांच्याकडे शिकायला लागलो तो कंटाळ्यापोटी. आठवडाभर स्क्रीनसमोर बसून शनिवारी हाताला काहीतरी खरं हवं असायचं. काकांनी मला पहिल्या दिवशी एक मोराचा कागद दिला. तो प्लायवर चिकटवायचा आणि रेषेवरून कापत जायचं. मी मोठ्या उत्साहानं बाहेरची रेषा आधी कापली आणि मोर हातात घेतला. मग पिसाऱ्यातली नक्षी कापायला गेलो तर धरायलाच काही उरलं नव्हतं. मोराचे तीन तुकडे झाले. काकांनी ते गोळा करून माझ्या हातात ठेवले. "आतलं आधी कापायचं, इंजिनिअर. बाहेरनं मोकळं व्हायची एवढी घाई करू नये."

अशी त्यांची बोलणी मी खूप खाल्ली. लाकूड जोरात रेटलं की म्हणायचे, "ढकलू नका. पात्याला नुसतं दाखवा, ते त्याच्या भुकेनं खाईल." वळणावर घाई केली आणि पातं तुटलं की म्हणायचे, "आवाज आधी येतो, अक्कल नंतर." मी मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दाखवायला लागलो तेव्हा त्यांनी दोन मिनिटं नीट पाहिलं आणि मोबाइल परत दिला. "त्याचं लाकूड त्याच्या जंगलातलं आहे. आपलं प्लाय नगर रस्त्यावरच्या दुकानातलं. ते इंग्लिश ऐकणार नाही." आणखी एक शिस्त होती. कापून झालेल्या तुकड्याच्या दर्शनी बाजूवर ते पेन्सिलीनं 'पुढे' असं लिहून ठेवायचे. आरपार कापलेला तुकडा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, उलटा लागला तर चित्र फिरतं.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला गाव विचारलं. मी भंडारा जिल्हा म्हणालो. त्यांनी माझं आडनाव एकदा हळू आवाजात उच्चारून पाहिलं आणि मान हलवली. भंडाऱ्याहून बदलून आलेले दोघंतिघं त्यांच्या विभागात होते. आमच्याकडची आडनावं पुण्याला कळत नाहीत, काकांना कळली. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती आणि मी पुण्यात आल्यापासून ही गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती. खोटं बोललो नाही, पण विचारायची वेळ येऊ दिली नाही. सोसायटीच्या आरतीला टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत असायचो. त्या दिवसानंतर जिन्यात आम्ही दोघंच असलो की काका हलक्या आवाजात "जय भीम" म्हणायचे. मी "नमस्कार काका" म्हणायचो. त्यांनी कधी टोकलं नाही आणि म्हणायचं सोडलंही नाही.

त्या वर्षी त्यांनी मोठं काम हातात घेतलं होतं. खडकीच्या ज्या विहारात त्यांच्या बायकोनं दर रविवारी सतरंज्या अंथरल्या, त्या विहारासाठी दोन फुटांचं धम्मचक्र. चोवीस आरे. दोन आऱ्यांमधली जागा कापून काढायची की आरा उरतो, म्हणजे चोवीस वेळा भोक पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं, ताणायचं आणि कापायचं. डोळ्यांतून पाणी यायचं म्हणून ते आठवड्याला दोन आऱ्यांमधलं एकच घर कापत. "हे झालं की मशीन तुम्हाला देऊन टाकतो," ते म्हणाले होते. "मग मी काय करू? मग मी बसून बघीन."

सतरा घरं झाली तेव्हा चेअरमनसाहेब कोपऱ्यात आले. गणपती जवळ आला होता आणि प्रवेशाच्या कमानीवर लाकडातून कापलेला गणपती हवा होता. काका म्हणाले, "मी हात जोडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण कापून द्यायला जोडलेले हात चालतच नाहीत, मोकळे लागतात. देतो." त्यांनी चक्र बाजूला ठेवलं आणि बारा दिवसांत तीन फुटांचा गणपती तुकड्यातुकड्यांनी कापून दिला. मला वाटतं, कोपऱ्याचं भाडं म्हणूनच त्यांनी ते काम केलं. मग मुलगी आजारी पडली म्हणून ते दोन दिवस खडकीला गेले. जाताना मला म्हणाले, "घासून पांढऱ्या फळीवर बसवायचं तेवढं राहिलंय. तुम्हाला जमेल."

मला जमलं नाही. मी सगळे तुकडे पॉलिश पेपरनं मन लावून घासले आणि त्यात 'पुढे' पुसलं गेलं. मग जी बाजू जास्त तुकतुकीत दिसली ती वर ठेवून मी सगळं गमनं पक्कं चिकटवलं. लांब उभं राहून पाहिलं, छान दिसत होतं. सोंड उजवीकडे वळली होती. ज्याच्या घरी गणपती बसतो त्याला हे सांगावं लागत नाही, तो बघताक्षणी थबकला असता. आमच्या घरी कधी बसलाच नव्हता. मला त्यात काही चुकलेलं दिसलंच नाही.

प्रतिष्ठापनेच्या सकाळी गुरुजी फाटकाशी थांबले. "ही उजव्या सोंडेची हौस कुणाची?" उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक, असा गणपती सहसा कुणी घरातही बसवत नाही, हे मला त्या सकाळी तिथे उभं राहून कळलं. कमानीवर घाईघाईनं चादर टाकली गेली. दुपारी काका आले. त्यांनी चादर उचलली, एका कडेवरून अंगठा फिरवला. पातं खाली जाताना मागच्या बाजूची कड किंचित उचकटते, ती त्यांच्या बोटाला लागली असणार. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चादर परत नीट केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये सभा झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "ज्यांच्यात नाहीच, त्यांना सांगायलाच नको होतं." चेअरमनसाहेबांनी लगेच हात वर करून गप्प केलं. "हे बघा, इथे जातीचा विषय कुणीही काढत नाहीये." तोपर्यंत तो शब्द कुणी उच्चारलाही नव्हता. मग ते काकांकडे वळले. "कांबळे, मुद्दाम केलंत का, एवढंच सांगा."

"काम माझ्या हातचं आहे," काका म्हणाले. "मुद्दाम केलेलं नाही."

"मग सोंड काय आपोआप वळली?"

लोक हसले. काका खाली बघत उभे होते. मी तिसऱ्या खुर्चीवर होतो. 'ते मी चिकटवलं' एवढे तीन शब्द होते. पण पुढचा प्रश्न मला ऐकू येत होता: 'अहो, तुम्हाला एवढंही कळलं नाही?' आणि त्याच्या पुढचा, 'तुमच्यात बसतो ना गणपती?' काकांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुढे स्वतःला कितीदा तरी सांगितलं. ते खोटं आहे. त्यांनी पाहिलं नाही तेच मला बरं वाटलं होतं.

ठरावात सोंडेचा उल्लेख नव्हता. आवाज, भुसा आणि आगीचा धोका या कारणांनी कोपरा आठ दिवसांत मोकळा करावा, असं होतं. हात वर करा म्हणाले. अठ्ठावीस पाट्यांपैकी सव्वीस घरांचे हात वर गेले. त्यात माझा होता.

चौथ्या दिवशी मी खाली गेलो तेव्हा काका मशीनचे बोल्ट सोडवत होते. मी बराच वेळ काहीबाही बोललो. नोकरी, बायको, मुलीची शाळा, सगळं सांगून झालं. त्यांनी पाना खाली ठेवला.

"चुकीचं काही नाही, इंजिनिअर. प्लाय वाया जातंच. गप्प बसलात, तेही समजू शकतो. मी पण कारखान्यात पुष्कळदा गप्प बसलोय. पण हात वर का केलात? तो कुणी धरून वर केला नव्हता."

काकांनी पाना उचलला आणि पाठ फिरवून उरलेले बोल्ट काढले. त्यानंतर जिन्यात आम्ही दोनदा भेटलो, दोन्ही वेळा त्यांनी मला "नमस्कार" म्हटलं. महिनाभरानं फ्लॅट भाड्यानं देऊन ते मुलीकडे खडकीला राहायला गेले. तिचं घर दोन खोल्यांचं, मशीन लावायला तिथे जागा नव्हती.

दीड वर्षानं त्यांच्या मुलीचा फोन आला. विहारात शोकसभा होती. मी पांढरा शर्ट घालून गेलो. समोरच्या भिंतीवर ते चक्र लावलेलं होतं. सतरा घरं मोकळी, उरलेल्या जागेत सात घरं नुसती पेन्सिलीनं आखलेली, त्यांतून भिंत दिसत नव्हती. मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "तुम्हीच ना ते इंजिनिअर? पप्पा सांगायचे, त्या सोसायटीत आपलं म्हणून एक घर आहे. दोन शब्द बोलाल का?" तिला त्यांनी काहीच सांगितलेलं नव्हतं. मी उठलो आणि बोललो. त्यांच्या पाट्यांबद्दल बोललो, शिस्तीबद्दल बोललो, त्यांच्या तिरकस बोलण्याबद्दल बोललो. लोक हसले, दोघीतिघींनी डोळे पुसले. सभेबद्दल मी एक अक्षर काढलं नाही.

परत येताना सोसायटीच्या फाटकाच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली आणि पांढरा शर्ट काढून ऑफिसचा निळा चढवला. फाटकाशी चेअरमनसाहेब उभे होते.

"कांबळे गेले म्हणे," ते म्हणाले. "वाईट झालं." मग जरा थांबून, "बरं, या वर्षी कमानीचा गणपती तुम्ही कराल का? शिकला आहात ना तुम्ही ते? आपल्यातल्याच कुणी केला म्हणजे मग घोळ होत नाही."

करतो, असं मी म्हणालो. आणि केला. सोंड डावीकडेच आहे, चिकटवण्याआधी मी चार वेळा तपासून घेतली.