वहिनीचा कुंडीतला नारळ

पावणेपाचला वहिनीचा दिवस सुरू व्हायचा. नवऱ्याला कुशीवर वळवायचं, अंग धुवायचं, चादर बदलायची, खाऊ घालायचं आणि सहाला कामावर. नवरा आमच्याच कंपनीच्या इमारतीत प्लंबर होता, म्हणून मी तिला वहिनी म्हणायचो. शिडीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. कंपनीने वहिनीला झाडं सांभाळायला घेतलं, पण कच्च्या नोकरीवर. वर्षभर काम चोख झालं तर पक्की करू, म्हणाले. पक्की झाली की नवऱ्याचं औषधपाणी कंपनीकडे. तिला एवढंच हवं होतं.

मी त्या इमारतीत फरशीला पॉलिश करायचो.

तळमजल्यावर काचेजवळ, कुंडीत नारळाचं झाड होतं. कंपनीच्या मोठ्या साहेबांची हौस. नारळ अर्धा मातीत, अर्धा वर, त्यातून फुटलेली पाच पानं. "बाकीची मेली तरी चालतील, हे नाही," असं सुपरवायझरने तिला पहिल्याच दिवशी बजावलं.

तिने काम शिकून घेतलं. गार पाणी मुळांना बाधतं म्हणून संध्याकाळीच दोन बादल्या भरून ठेवायची. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी स्पंजने टिपायची. दर सोमवारी कुंडी पाव फेरा फिरवायची, उजेड सगळीकडून मिळावा म्हणून. कुंडी तिच्यापेक्षा जड. मी हात लावायला गेलो की म्हणायची, "भावजी, तुम्ही तुमची फरशी बघा. ओरखडा पडला तर मग बोला." ओरखडा कधी पडला नाही. खाली गोणपाट घालायची.

नारळ उघडा बरा दिसत नाही, मातीने झाकून टाक, असं एकदा सुपरवायझर म्हणाला. "झाकला की कुजेल," ती म्हणाली, "झाड अजून त्याच्याच जिवावर आहे." अकरा महिन्यांत तीन नवी पानं आली.

मग नवऱ्याच्या छातीत कफ भरला. त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना घाईत म्हणाली, "भावजी, दोन दिवस बघाल? उद्या साहेब येतायत. पाणी नको. फक्त पानं पुसून ठेवा."

आमच्या कामात धुणं वेगळं, पुसणं वेगळं. पुसणं म्हणजे पॉलिशचा शेवटचा हात. मी मेणाचं पॉलिश घेतलं, मऊ फडकं घेतलं आणि एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसलं. मधला मिटलेला कोंबही सोडला नाही. दीड तास लागला. झाड आरशासारखं चमकलं. साहेब खूश झाले.

तिसऱ्या दिवशी ती आली. पानाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

"हे काय लावलंत?"

"पुसलं. तुम्हीच म्हणालात ना."

"ओल्या फडक्याने हो! पान म्हणजे काय फरशी आहे, भावजी?"

चार दिवस तिने साबणाच्या कोमट पाण्याने पानं धुतली. बादल्या मी वाहिल्या. या वेळी ती नको म्हणाली नाही. पानांवरचं मेण थोडंफार निघालं, कोंबात उतरलेलं निघेना. पानं तपकिरी पडत गेली. तिसऱ्या आठवड्यात कोंब तिच्या हातात आला, बुडाशी मऊ, कुजलेला. "गेलं," ती म्हणाली. या झाडाला दुसरा कोंब फुटत नाही.

मी सुपरवायझरकडे गेलो. "चूक माझी आहे, साहेब."

"झाड तिच्या नावावर आहे," तो म्हणाला. "तुला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत ना? मग तोंड उघडू नकोस."

मी उघडलं नाही.

वर्ष भरायला आठ दिवस असताना तिला काढलं. नवऱ्याने धर्मादाय दवाखान्यातल्या गोळ्यांवर चार महिने काढले आणि तो गेला.

तिचा शेवटचा पगार तिच्या हातात पडलाच नाही. झाडाची भरपाई म्हणून कंपनीने तो ठेवून घेतला आणि त्यातून काचेजवळच्या जागेसाठी नारळाचं नवं झाड आणलं. प्लास्टिकचं.