कमलाकांतची एकट्याची कॅसेट

कमलाकांत पागधरेचा आवाज ही दांडी गावाची सार्वजनिक मालमत्ता होती. कोणाच्या घरी हळद असो, साखरपुडा असो, नाहीतर नुसतं बारसं असो, बोईसरचा ‘तुफान ऑर्केस्ट्रा’ बोलवायचा आणि कमलाकांतला ओरडायला लावायचं, हे ठरलेलं. ऑर्केस्ट्राचं हे नाव ढोलांचा सेट वाजवणाऱ्या शिवाजीने ठेवलं होतं. तो घाटावरचा गडी, समुद्रातलं तुफान त्याने पाहिलेलं नव्हतं, म्हणूनच त्याला असलं नाव सुचलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण नातवंडांच्या हळदीत नाचायला तेही मागे राहिले नाहीत.

स्टेजवर कमलाकांत म्हणजे आग होता. खांद्यापर्यंत केस, छाती उघडी टाकणारा शर्ट, बाजूला इलेक्ट्रिक गिटार किंचाळते आहे आणि हा गुडघ्यांवर बसून मान मागे टाकून गातो आहे. अणुवीज केंद्राच्या कॉलनीतली कॉलेजची पोरं त्याला ‘रॉकस्टार’ म्हणायची. इंग्रजी गाणी तो शब्द न समजता म्हणायचा, आणि ऐकणाऱ्यांनाही ते समजत नसल्याने कोणाची तक्रार नव्हती.

गावाला वाटायचं, या गाण्याच्या वेडापायी त्याने बोट सोडली. तांडेलाच्या घरातला मुलगा, थोरला भाऊ वामन बापामागे तांडेल होऊन बोट चालवतो, आणि हा मात्र बोईसरच्या कारखान्यात सुताची मशीनं सांभाळतो आणि उरलेला वेळ बोंबलतो. ‘वेड लागलं, दुसरं काय,’ असं म्हणून लोक त्याला माफ करत. वेडाला माफी असते. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

कमलाकांतला समुद्राची भीती वाटायची. तसं काही घडलंही नव्हतं, म्हणजे वादळ नाही, कोणी बुडालं नाही. मिसरूड फुटायच्या वयात एकदा तो बापाबरोबर बोटीवर होता. लख्ख ऊन, पाणी गप्प. त्याने सहज खाली वाकून पाहिलं आणि त्याच्या मनात आलं की खाली किती आहे हे आपल्याला ठाऊक नाही. एवढंच. पण त्याचे पाय जे कापायला लागले ते बोट किनाऱ्याला लागेपर्यंत थांबले नाहीत. तो ओकला. खलाशी हसले, ‘बोट लागली पोराला,’ म्हणाले. तांडेलाच्या पोराला बोट लागते हे ऐकून बापही हसला, पण त्याला ते आवडलं नव्हतं. त्यानंतर कमलाकांतने गाण्याचं वेड अंगावर घेतलं आणि ते त्याला पुरून उरलं.

पुढे बाप कावीळ होऊन घरीच गेला. वामनने घर ओढलं, आईला सांभाळलं, धाकट्याला कधी एक शब्द बोलला नाही. ते न बोलणंच कमलाकांतला खायचं. हळदीच्या मांडवात तो जितका मोठ्याने ओरडायचा तितकं आतलं गप्प बसेल असं त्याला वाटायचं, पण तसं होत नव्हतं. तिशी आली तशी ही भीती कारखान्यातही येऊ लागली.

नव्वद साली कॉलनीतला एक साहेब बदलीवर जाताना आपला लहानसा कीबोर्ड विकून गेला. कमलाकांतने तो घेतला. बोईसरजवळच्या सालवडला तो आणि शिवाजी एका खोलीत भाड्याने राहत. शिवाजी सकाळपाळीला गेला की कमलाकांत दार लावून घ्यायचा. एका टेपरेकॉर्डरवर कीबोर्डचा एकच लांब सूर आणि त्यातल्याच तालाची टकटक भरायची, मग ते वाजवत ठेवून दुसऱ्या टेपवर वरून गायचं. गायचं म्हणजे बोलल्यासारखंच. माइक ओठांना लावून, शेजारणीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. ना गिटार, ना ढोल. तिसऱ्या गाण्यात मध्येच कारखान्याचा भोंगा शिरला होता, तोही त्याने राहू दिला. शब्द त्याचे स्वतःचे होते, घरच्या बोलीतले:

वारा नाय, लाट नाय, तरी माजे पाय कापतात.
खाली किती पानी हाय, कोनी मोजलं नाय.
आय विचारते, जेवलास का? मी हो म्हनतो.
भ्यालो हाय, ते कोनाला सांगू?

कॅसेट पुरी झाली तेव्हा त्याने बाजारातल्या कॅसेटींना असतं तसं आतल्या कागदावर स्वतःचं छायाचित्र चिकटवलं. मुंबईच्या एखाद्या कंपनीला ती द्यावी असं त्याच्या मनात होतं. मुंबईत कोण ओळखतं आपल्याला, तिथे ऐकली तर ऐकली. दांडीत मात्र ती कोणी ऐकू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याच आठवड्यात वामनची नवी बोट पाण्यात सोडायची होती. आई हिराच्या नावाने बांधलेली, निळ्या-पिवळ्या रंगाची. कमलाकांत आदल्या दिवशी घरी गेला आणि कॅसेट पिशवीत घालून घेऊन गेला. खोलीवर ठेवायची सोय नव्हती. शिवाजीला दिसेल त्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरायची खोड होती.

पागधऱ्यांच्या घरात एक रीत होती. नवी बोट ढकलताना बायका गाणं धरायच्या, आणि एकदा धरलेलं गाणं बोट खाडीच्या तोंडाबाहेर पडेपर्यंत तोडायचं नाही. आजोबांच्या वेळी म्हणे दोन जावा मध्येच भांडल्या, गाणं तुटलं, आणि ती बोट पहिल्याच फेरीला खडकावर बसली. भांडण कशावरून झालं ते कोणाला आठवत नाही, खडक मात्र सगळे दाखवतात. पुढे बायकांच्या गळ्यांच्या जागी गोमा स्पीकरवाल्याचा कर्णा आला, पण रीत तीच राहिली.

सकाळी भरती चढत होती. पूजा झाली, नारळ फुटला, बोटीला हार पडले. वामन सुकाणूपाशी उभा राहिला. कमलाकांत गुडघाभर चिखलात, बोटीला खांदा देऊन. पाणी गुडघ्याच्या वर येत नव्हतं तोवर तो ठीक होता. खलाशांनी ‘हैसा’ म्हटलं, पहिला हात लागला आणि कर्णा सुरू झाला.

लांब, एकसुरी आवाज आला. त्यामागे टकटक. कमलाकांतला वाटलं, गोमाचं मशीन बिघडलं. मग सबंध खाडीवर त्याचाच आवाज पसरला, ‘वारा नाय, लाट नाय...’

झालं होतं असं की हिरा पहाटे त्याच्या पिशवीतून धुवायचे कपडे काढायला गेली. तिला कॅसेट दिसली, कॅसेटवर लेकाचं छायाचित्र दिसलं. थोरल्याची बोट धाकट्याच्या आवाजात पाण्यात उतरेल, म्हातारीला आणखी काय हवं होतं? पदराखाली लपवून तिने ती गोमाला नेऊन दिली आणि कोणाला सांगू नको म्हणाली. गोमाने आजवर कोणाचं गुपित ठेवलं नव्हतं, ते नेमकं त्या दिवशी ठेवलं.

आता लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. ढकलणारे हात सैल पडले. कमलाकांत चिखलातून गोमाच्या दिशेने निघाला तसा चुलत्याने त्याचा दंड धरला.

“काय करतोस?”

“बंद करतो. ती वेगली कॅसेट हाय.”

“बंद करशील तर बोट बुडवशील. गानं तोडायचं नाय.”

गोमा बटणावर बोट ठेवून उभा होता, घामाघूम. कॅसेट बदलायची म्हटली तरी गाणं तुटणारच. हिरा दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. आणि कर्णा आपला सांगत होता, भ्यालो हाय, ते कोनाला सांगू. नव्या बोटीच्या मुहूर्ताला, तांडेलाच्या तोंडावर, अख्ख्या गावासमोर. जो शब्द त्या किनाऱ्यावर कोणी आजारपणातही काढत नसे तो चार कोसांवर ऐकू जात होता.

त्यात इंजिन चालू होईना. वामन हँडल मारतो आहे, ते फुसफुसतं आहे. पहिलं गाणं संपलं, दुसरं लागलं, तेही पहिल्याच्याच वळणाचं. नवसी म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटली, “असं गानं मयताला पन नाय म्हनत.” तिसऱ्या गाण्यात भोंगा वाजला तेव्हा दोन बायका रडायला लागल्या. शेवटी इंजिन धरलं, बोट हलली. जाता जाता वामनने वळून एकदाच कमलाकांतकडे पाहिलं. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं. उघड्या पडलेल्या माणसाची ती नजर होती, आणि कमलाकांतला तिचा अर्थ लागला नाही.

बोट फेरी मारून परतली, जेवणावळ झाली, पण वामन भावाशी बोलला नाही. मासेमारीला निघायच्या दिवशी जिवल्या नावाचा खलाशी पोट दुखतं म्हणून आलाच नाही. त्याला पोट दुखण्याचं कारण विचारायची कोणाला गरज वाटली नाही. वामन कमी माणसं घेऊन गेला.

मग कमलाकांतचे हाल सुरू झाले. मशीनवर धागा तुटायचा आणि तो बघत उभा राहायचा. मुकादम हिंदीत शिव्या द्यायचा, त्या याच्या कानावरून जायच्या. पाळी सुटली की सायकल काढायची ती थेट दांडीच्या किनाऱ्यावर. जो माणूस इतकी वर्षं समुद्राकडे पाठ करून बसला, तो आता वाळूत उभा राहून डोळे दुखेपर्यंत पाण्याकडे बघत होता. काही झालं तर ते आपल्या गाण्याने झालं, ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात फिरत होती. तो असल्या गोष्टी मानायचा नाही. पण मानत नाही म्हणून भीती कमी वाटते, असं थोडंच आहे? वामनची बायको पुष्पलता रोज येऊन त्याच्या शेजारी उभी राहायची. ठरल्यापेक्षा बोटीला उशीर झाला तेव्हा तो देवाला काय काय बोलला ते त्याचं त्यालाच माहीत. पुन्हा गाणार नाही, असंही बोलून झालं.

बोट आली. इंजिनात बिघाड झाला होता म्हणून उशीर, बाकी सगळे धडधाकट, आणि बोट पापलेटांनी भरलेली. असली मासळी त्या हंगामात कोणाला मिळाली नव्हती. एका दुपारीत गावाचं मत फिरलं. कॅसेट लाभाची ठरली. जिवल्याचं पोट दुखायचं थांबलं. नवसी म्हातारीने हिराला गाठून आपल्या नातवाच्या बोटीसाठी तेच गाणं मागितलं, आणि ‘मयताला पन नाय म्हनत’ असं आपण म्हणालोच नाही, हे शपथेवर सांगितलं. आनंदाने कमलाकांतला रडू आलं. पण वामन टोपल्या उतरवत त्याच्या अंगावरून निघून गेला.

चारेक दिवसांनी भर दुपारी सालवडच्या खोलीचं दार वाजलं. दारात वामन. इतक्या वर्षांत तो इथे कधी आला नव्हता. आत येऊन तो खाटेच्या काठावर बसला. कमलाकांतने पाणी दिलं, ते त्याने हातातच धरून ठेवलं.

“दादा, माजं चुकलं,” कमलाकांत म्हणाला. “ती बोटीसाटी नव्हतीच. आयला ठावं नव्हतं.”

“ते जाऊ दे. कोनी सांगितलं तुला?”

“काय?”

“माजं.” वामन जमिनीकडे बघत होता. “पुष्पाने सांगितलं ना? तिच्याशिवाय कोनाला ठाऊक नाय. ती पन नुसती बघते, विचारीत नाय.”

कमलाकांतला काही कळेना. वामन हळूहळू बोलू लागला, कॅसेटवरच्या आवाजाइतकंच हळू.

“लहानपनापासून हाय. पानी शांत असलं तरी पाय कापतात. सुकानू घट्ट धरतो म्हनून कोनाला दिसत नाय. बाबांना बी नाय दिसलं. बोट निगायच्या दिवशी मला अन्न जात नाय, आय विचारते, मी जेवलो म्हनतो. आन तू ते सगल्या गावाला ऐकवलंस. माज्या बोटीच्या दिवशी. तुला राग होता तर मला बोलायचं होतं.”

“दादा,” कमलाकांत म्हणाला. “ते तुजं नाय. ते माजं हाय. म्हनून तर मी बोट सोडली. गान्याचं वेड-बीड काय नव्हतं.”

वामनने मान वर करून भावाकडे पाहिलं. बाहेर कोणाचा तरी स्टोव्ह भर्र वाजत होता. कमलाकांतला वाटलं, आता हा हसेल, नाहीतर थोबाडीत मारेल, आणि दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

“म्हंजे तू सांगितलं असतंस,” वामन म्हणाला, “तर मी बी सांगितलं असतं.”

त्याने हातातलं पाणी पिऊन टाकलं, भांडं खाली ठेवलं आणि उठला. संध्याकाळच्या भरतीवर बोट निघायची होती आणि खलाशी वाट बघत होते.

“नको जाऊस,” कमलाकांत म्हणाला.

“मग कोन जाईल?” वामनने विचारलं. तो खरंच विचारत होता. उत्तरासाठी थोडा थांबलाही, आणि मग चपला घालून निघून गेला.