बसून फेकलेली रिंग

एकोणीसशे सत्तर उलटल्यावर मी सून म्हणून आले, तेव्हा अनसिंगच्या आठवडी बाजारात माझे सासरे रिंग फेकायचा खेळ लावायचे. फळीवर साबण, कंगवे, मधोमध चौकोनी आरसा आणि आमच्याच वाडीतली वांगी. वांगं बक्षीस ठेवणारा माणूस पंचक्रोशीत तेवढा एकच असावा. पण घरी पिकत असताना विकत कशाला आणायचं, हे त्यांचं म्हणणं. रिंगाही घरच्याच. बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायचं काम माझ्या नणंदेचं. तिचा एक पाय लहानपणापासून लुळा होता.

इतक्या रिंगा केल्या, पण फेकली एकही नव्हती. दोरीमागे उभं राहूनच फेकायचं, असा नियम. तिला उभं राहायला दोन्ही हातांनी काठी धरावी लागे. मग फेकणार काय, कपाळ? "एकडाव मले फेकू द्या," असं ती वर्षभर म्हणत होती, आणि सासरे वर्षभर म्हणत होते, "नियम म्हंजे नियम. लोक काय म्हनतीन?" माणूस चांगला, पण नियम आला की हेडमास्तर. मला त्यांचा रागच यायचा.

शेवटी एका बाजाराला मी तिला वांग्यांच्या बैलगाडीत बसवून नेलं, रिकामं टोपलं दोरीपाशी पालथं घातलं आणि तिला त्यावर बसवलं. माणसं जमली. आता चारचौघांत लेकीला ऊठ कसं म्हणणार? सासऱ्यांनी उलट ऐटीत सांगितलं, "टाक पोरी, आरशावर टाक!"

"त्याच्यावर कायले टाकू, बाबा? बसतच नाही. आरशापरीस बोटभर लहान कर, असं तुमीच तं सांगतलं होतं!"

बाजार खो खो हसला. सासरे उगाच टोपी नीट करत राहिले. तेवढ्यात तिनं रिंग फेकली आणि ती बरोबर एका वांग्यावर बसली. सकाळी तिनंच तोडलेलं वांगं.

पुढच्या बाजारापासून रिंगा मोठ्या झाल्या आणि आरसा पहिल्याच तासाला गेला. टोपलं मात्र तिथंच राहिलं. म्हाताऱ्या, पोटुशा बाया त्यावर बसून फेकू लागल्या, आणि हे आपल्यालाच सुचलं, असं सासरे सगळ्यांना सांगू लागले.

नणंदेनं ते वांगं काही चिरू दिलं नाही. सुरकुतलं, मऊ पडलं, तरी चुलीवरच्या फळीवर तसंच. मी चिडवलं, "बाई, आता तरी भरीत करू द्या."

"भरताले दुसरं तोडून आना, वयनी," ती म्हणाली. "हे म्या जितलं हाय."