टायमिंगचा पक्का ड्रोन

वेळ संध्याकाळी सात. ठिकाण कोल्हापुरातलं आमच्या दैनिकाचं ऑफिस. लँडलाइन वाजला.

वार्ताहराकडे किस्से चपलेला चिखल चिकटावा तसे चिकटतात, झटकून जात नाहीत. हे सगळे एकाच डिसेंबरातले. तुम्ही हसा, मला अजून जमलेलं नाही.

*

"सायेब, ड्रोन आलाय!" गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावातून एक तरुण ओरडत होता. चोर ड्रोन सोडून घरं हेरतात, अशी आवई तेव्हा जिल्हाभर होती. त्याच आठवड्यात एका घोंगडीवाल्याला चोर समजून लोकांनी खांबाला बांधलं होतं. मी घाईनं विचारायला लागलो.

"आवाज येतोय?"

"न्हाय."

"हलतोय?"

"न्हाय की! पश्चिमेला निस्ता चमकतोय. रोज सांजच्याला हितंच. टायमिंगचा पक्का हाय!"

फोन ठेवून गच्चीवर गेलो. तो आमच्या ऑफिसावरूनही दिसत होता. शुक्र!

*

मी बातमी लिहिली: तो शुक्र आहे, त्याला स्वतःचा उजेड नाही, सूर्याचा उजेड अंगावर पडतो म्हणून चमकतो. कुणा परक्या माणसाला हात लावू नका.

सकाळी पेपर उघडला. मथळा: 'ड्रोनची दहशत, गावं जागी!' शुक्र गायब. वर नाव मात्र माझं!

डेस्कवर जाऊन भांडलो. उपसंपादक चहा ढवळत म्हणाला, "मी नाही बदलला. पण खरं सांगू? शुक्र रोजचाच आहे हो!"

*

मग फौजदारांकडे गेलो. म्हटलं, साहेब, हा ड्रोन नाही असं जाहीर करा, नाहीतर कुणाचा तरी जीव जाईल.

"शुक्र आहे असं लेखी आणा. सक्षम अधिकाऱ्याच्या सहीनं."

"तालुक्यात शुक्राचा सक्षम अधिकारी कोण?"

साहेबांनी खरंच ड्रॉवरमधून अधिकाऱ्यांची यादी काढली!

*

शेवटी कुंभार सर निघाले. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, माझे जुने मित्र. स्कूटरला दुर्बीण बांधून गावोगाव. पहिल्या गावात मीही होतो. चावडीत त्यांनी दिवा घालवला आणि स्टीलच्या तांब्यावर बॅटरी मारली. "उजेड बॅटरीचा, चमकतोय तांब्या. चंद्र तसाच, शुक्र तसाच."

एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे ह्यो दुसऱ्याच्या उजेडावर मिरवतोय व्हय? आमच्या सरपंचागत!"

चावडी हशानं फुटली. सरपंच पुढच्याच रांगेत होते.

येताना मी म्हटलं, "सर, आता एकटे फिरू नका."

"अहो, एकदा दुर्बिणीतून बघितलं की भीती जाते."

*

वेळ संध्याकाळी सव्वासात. ठिकाण पुढचं गाव. सर एकटेच गेले होते. पुढचं त्यांनीच मला दवाखान्यात सांगितलं.

दुर्बीण उभी करताच गर्दी जमली. "ह्योच रिमोट!" पुढच्या माणसाच्या हातात आमचा पेपर होता, तोच मथळा. "पेपरात छापून आलंय, तुमी कोण सांगणार?"

सर म्हणाले, "पावणं, आधी बघा. मग मारायचं तर मारा."

त्यानं डोळा लावला. चंद्राला असतात तशा शुक्रालाही कला असतात. सूर्यानं उजळलेली निम्मीच बाजू त्या दिवसांत आपल्याकडं होती. म्हणजे परक्याच्या उजेडाचा याहून धडधडीत पुरावा नाही!

तो माणूस दचकून मागं सरला आणि ओरडला, "अर्धाच हाय! अर्धा ह्यानं खाली उतरवलाय!"

सरांच्या उजव्या डोळ्याची पट्टी अजून निघालेली नाही. दुर्बीण ठाण्यात जमा आहे. पंचनाम्यात लिहिलंय: 'संशयित ड्रोन, अर्धा, पश्चिम दिशेस. हाती लागला नाही.'

बातमीवर नाव माझं आहे. मथळा बदलला कुणी, हे मी ऑफिसात रोज विचारतो. 'मी' असं अजून कुणीही म्हणालेलं नाही.