बयची होडी, आमचं दार

आमच्या सासूबाई, म्हणजे बय, भांडण झालं की माणसाशी अबोला धरत नसत. त्याच्या वस्तूशी धरत. वाण्याशी बिनसलं तेव्हा वर्षभर त्याचं मीठ घरात आलं नाही. बय मात्र रोज त्याच्याच ओट्यावर बसून पान खायची.

गोमा तरवाल्याचंही तसंच झालं. खाडी पार करायला तर, म्हणजे नाव, एकच, त्याची. पलीकडच्या गावात बयची धाकटी बहीण, गुडघ्यांनी अधू. दर बाजाराला तिला पाहिल्याशिवाय बयला घास गोड लागत नसे. एकदा नाव सुटता सुटता गोमा म्हणाला, "बय, टोपली जरा मागं घे. वास येतो."

कोळ्याच्या पोरानं हे कोळणीला सांगावं! बय तिथेच चिखलात उतरली आणि टोपलीसकट घरी आली.

"याला काय आईनं गुलाबपाण्यात वाढवला? पाय न्हाय ठेवायची त्याच्या तरीत."

"मग मावशीकडं कशी जाशील?" ह्यांनी विचारलं.

"माझी होडी मी बांधीन."

आधी मांडणीच्या फळ्या गेल्या, मग माझ्या माहेरचा पलंग. एका सकाळी उठून बघते, तर घराला दार नाही. तळाला सपाट लाकूड हवं होतं म्हणे. मी नवी सून, बोलायची सोय नाही. फटी बुजवायला माझ्याच गादीतला कापूस गेला, वर राळ, त्यावर मुशी माशाचं तेल. आता वास खरंच येत होता. दाराची कडी बयनं काढू दिली नाही. होडी अंगणात उपडी असे, बय खाली शिरून कुठून उजेड दिसतो ते बघत असे, आणि आलेगेलेले कडी वाजवून विचारत, "बय, हायस का घरात?"

थळ गावचा एक सुतार मुद्दाम बघायला आला. "बय, ही होडी हाय की दार?"

"दोनी हाय. तुला कुठं जायचंय?"

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली आणि मध्यावर भरू लागली. बय तांब्यानं पाणी उपसत होती. मी काठावर देवाचं नाव घेत होते. गोमानं आपली तर जवळ नेली, हात पुढे केला. बयनं त्याच्या बायकोची तब्येत विचारली, पण हात धरला नाही. शेवटी त्यानं दोर टाकला, तो तिनं कडीत अडकवला. पलीकडे बहीण काठावर वाट बघत बसली होती. दोघी भांडल्यासारख्या रडल्या.

पुढे दर बाजाराला हेच. पुढे गोमाची तर, मागे दोराला बय, टोपली मांडीशी, आणि दोघांच्या खाडीभर गप्पा. आधी बहीण गेली. तरी बय जात राहिली, तिच्या नातवंडांसाठी.

बय गेल्यावर, दिवस झाल्यावर ह्यांनी करवत काढली. दार परत लावायचं होतं. तेवढ्यात गोमा आला, अंगणात उभा राहिला.

"होडी मला द्या. मागं ती नसली की माझी तर सरळ चालत न्हाय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी करवत त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, "न्या. दारावाचून इतकी वर्षं काही अडलं नाही."