बैलानं खाल्लेलं माप

किन्हीराजा गावच्या कस्तुराबाईनं शेवटची मांडी घातली ती वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. पुढं ती बाजेच्या कडेवर टेकली, गाडीत पाय लांब करून बसली, पण जमिनीवर मांडी घालून कधी बसली नाही. शेलूबाजारहून बाजार करून येताना गाडी नाल्यात कलंडली आणि तिचा उजवा पाय चाकाखाली आला. हाडवैद्यानं कामट्या बांधून तो दीड महिना सरळ ठेवला. हाड जुळलं, गुडघा मात्र जो ताठला तो ताठलाच. दिवसभर उभं राहायला सांगा, ती उभी राहील. कोसभर चालायला सांगा, पाय ओढत चालेल. पण खाली बसणं संपलं.

आता बाईमाणसाचं कोणतं काम उभ्यानं होतं, तुम्हीच सांगा. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, पाटा जमिनीवर, विळीवर तर चढूनच बसावं लागतं. अख्खं घर जमिनीला चिकटलेलं आणि हिच्या पायानं जमिनीशी अबोला धरलेला. दोन वर्षं ती चुलीच्या बाजूनं पाय लांब टाकून, कंबर वाकडी करून भाकरी थापत राहिली. एका दिवाळीत लुगड्याच्या काठानं पेट घेतला. सासूनं, गोजराबाईनं, पाण्याचा तांब्या ओतला म्हणून निभावलं.

गोजराबाई तशी वाईट बाई नव्हती. तिला रांगेत सगळ्या गोष्टी लागत, एवढंच. त्या दिवाळीनंतर तिनं रांगेतली पुढची गोष्ट काढली. आपल्या लेकाला, इंद्रभानला, तिनं ओसरीवर बसवलं आणि म्हणाली, "जानरावाची प्रयाग सोळाची झाली. मामाची पोरगी हाय, घरातलीच. तिले करून आन. कस्तुरा कुठी जात नाई, तिचं खानंपिनं तिच्यापाशी. पन चुलीपाशी धडधाकट बाई पायजे का नाई?"

कस्तुराबाई दाराआड उभी होती. उभीच असायची बिचारी. सवत येणार, हे तिनं कानांनी ऐकलं. दोन लेकरं होती तिला, एक मुलगी, एक मुलगा. घरात कशाची उणीव नव्हती. उणीव होती ती एका गुडघ्याची, आणि तेवढ्यासाठी आपल्या चुलीपुढं दुसरी बाई बसणार होती.

इंद्रभाननं मळलेली तंबाखू दाढेत धरली. मग म्हणाला, "माय, आखाजीलोक थांब. आखाजीचा समदा सैपाक इनं एकटीनं केला, तर हा इषय बंद. नाई जमला, तर तू म्हनशीन तसं."

आता ह्याला काय म्हणावं? बायकोची बाजूही घेतली आणि बायकोला पैजेवरही लावलं. कस्तुराबाईला त्याचा संताप आला, पण तो तिनं गिळला, कारण 'नाही' म्हणायची हिंमत नसलेल्या माणसानं निदान सहा महिने मिळवून दिले होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचं जेवण. पुरणपोळ्या, कुरडया, भजी, चिंचवणी, आणि पंगतीला स्वतः जानरावमामा. आडवा पाय टाकून एवढा स्वयंपाक करणं म्हणजे चेष्टा नव्हे.

वाट तिला वाशीममध्ये सापडली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं गुडघा दाबून पाहिला आणि तो आता वाकणार नाही असं सरळ सांगितलं. परतताना गाडी बाजारातून निघाली. हलवायाच्या दुकानात एक धिप्पाड माणूस उंच ओट्यामागं उभा राहून जिलब्या तळत होता. भट्टी ओट्यातच बांधलेली, वरून दगड बसवलेला. कस्तुराबाईनं गाडी थांबवायला लावली आणि टक लावून पाहत राहिली.

"जिलबी पायजे काय?" इंद्रभाननं विचारलं.

"जिलबी नोको. मले तसा ओटा पायजे."

"बाईमानूस उभ्यानं रांधते काय कुठी?"

"मंग थो बाप्या कसा उभ्यानं रांधून राह्यला? त्याले कोनी सवत आनली काय?"

इंद्रभाननं कासरा ओढला. गाडी वळली ती थेट दगडवाल्या लखीरामच्या वखारीकडं.

लखीरामकडं निजामाच्या मुलखातून आलेल्या शहाबादी फरश्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. गुळगुळीत, निळसर, हात फिरवला तर घसरावा अशा. इंद्रभानचं मन तिथंच भरलं. कस्तुराबाईनं बाजारातून घेतलेल्या चिंचेतला एक गोळा काढला, पाण्यात कोळला आणि एका फरशीच्या कोपऱ्यावर थापला.

"बाई, फरशीले आंबट कोन चारते?" लखीराम हसला.

"माह्या घरात रोजची चिंच हाय, भाऊ. हिले आतापासूनच सवय पायजे."

गाडीच्या सावलीत दोघांनी भाकरी खाल्ली. येऊन चिंच पुसली, तर फरशीची झिलई त्या जागी पार उतरली होती आणि पांढुरका चट्टा उमटला होता. लखीरामनं धुतलं, घासलं, तेल लावलं. चट्टा काही हलेना. कस्तुराबाईनं भांडण केलं नाही, नुसती गाडीकडं चालू लागली.

मग गावचा जगदेव पाथरवट आला. जाती, पाटे, उखळं घडवण्यात त्याची हयात गेली होती. किन्हीराजाच्या टेकडीचा काळा दगड चिंचेला भीत नाही, हे त्यानं सांगितलं. घडवताना छिन्न्या खातो, हेही सांगितलं. त्यानं पाचर ठोकून दगडाच्या तीन लांब, सपाट पाट्या फोडून ठेवल्या. कस्तुराबाई पळी घेऊन टेकडीवर गेली आणि एकेक पाटी ठोकून पाहिली. एक पाटी बद्द वाजली, तिच्यात आत चीर होती. दुसरीचं एक टोक खणखणीत, दुसरं मुकं. तिसरी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत घंटेसारखी वाजली. तिच्यावर चिंच थापली, गरम तवा ठेवला, तेल सांडलं. दगडानं काही मनावर घेतलं नाही.

"हाच," ती म्हणाली.

जगदेवनं ओट्याची उंची विचारली. कस्तुराबाईनं घरी येऊन ज्वारीचा एक धांडा उभा धरला, कोपरात हात वाकवला, तळहात जिथं आला तिथं धांडा विळ्यानं कापला आणि नवऱ्याच्या हाती दिला. आणि इथं, हलवायाचा ओटा इतका निरखून पाहणाऱ्या या बाईनं एक चूक केली. ती तिच्या ध्यानात आली नाही, नवऱ्याच्याही नाही, जन्मभर दगड घडवणाऱ्या जगदेवच्याही नाही.

पुढची चूक इंद्रभानची. धांडा गाडीत टाकून तो जगदेवकडं गेला, बैल सोडून गाडीलाच बांधले आणि तंबाखूची देवाणघेवाण करत बसला. परत येऊन पाहतो तर चांद्या बैल शांतपणे रवंथ करतोय आणि धांड्याला वरून दातांनी तोडलेलं टोक. कडबा समोर आला की बैल खाणारच; तो कोणाच्या ओट्याचं माप आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं? इंद्रभाननं धांडा उलटसुलट करून पाहिला. घरी जाऊन दुसरा धांडा आणायचा, तर बायकोला काय सांगायचं? थोडासाच खाल्ला असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि उरलेला धांडा पुढं केला.

"एवढा ठेंगना ओटा?" जगदेवनं विचारलं.

"माही बायको ठेंगनीच हाय," इंद्रभान म्हणाला. कस्तुराबाई गावातल्या उंच बायांत मोजली जायची, पण माप घरधन्यानंच दिलंय म्हटल्यावर जगदेवनं पुढं विचारलं नाही.

काम सुरू झालं तशी गोजराबाईनं सुनेला लेकरांसह माहेरी पाठवलं. धूळ फार उडते म्हणाली. कस्तुराबाई गेली. आपल्याला परत न्यायला गाडी येते की नाही, की प्रयागच्या वऱ्हाडाची बातमीच येते, ह्या विचारात तिनं पंधरा दिवस काढले.

गाडी आली, आखाजीच्या आदल्या दिवशी. घरात पाऊल टाकताच ती स्वयंपाकघरात शिरली. काळा दगड भिंतीपासून भिंतीपर्यंत बसलेला, कडा गोल घोटलेल्या. तिनं दोन्ही हात कोपरात वाकवले आणि दगडावर टेकायला गेली, तर वाकावं लागलं. चांगलं वीत-दीड वीत वाकावं लागलं. दिवसभर असं वाकून राहिलं तर कंबर तुटणार. आठ माणसांनी बांबूवर तोलून आणलेला दगड आता रात्रीतून कोण उचलणार?

"माप देलं होतं ना मी?" तिनं विचारलं.

इंद्रभाननं मान खाली घातली. "चांद्यानं खाल्लं."

"काय खाल्लं?"

"माप."

कस्तुराबाईला हसू आलं असतं, पण दिवस हसण्याचा नव्हता. ती दगडाला टेकून रडली, मोठ्यानं रडली. सासू दारात आली, पाहून गेली.

पहाटे मात्र डोळे पुसून ती उठली. पितर काही ओट्याची उंची विचारून येत नाहीत. माहेरी जाण्याआधी तिनं मातीची नवी चूल घालून वाळत ठेवली होती. ती इंद्रभाननं उचलून आणली आणि दगडावर मधोमध बसवली. कस्तुराबाईनं तिच्यावर डाळीचं पातेलं चढवलं, डाव घेतला, आणि तशीच उभी राहिली.

चुलीचं तोंड बरोबर तिच्या कोपराच्या उंचीला आलं होतं. कंबर ताठ, खांदा सैल, डाव पातेल्याच्या तळाशी आरामात फिरत होता.

चूल! चुलीला स्वतःची उंची असते, हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. हलवायाची भट्टी ओट्याच्या पोटात होती, हिची ओट्यावर बसणार होती. तिनं दिलेल्या मापानं ओटा झाला असता, तर पातेलं छातीशी आलं असतं आणि पुरण घोटायला पाटावर चढावं लागलं असतं. चांद्यानं मोजून चुलीएवढंच खाल्लं होतं. कस्तुराबाईचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली ती थांबेना. इंद्रभानला आधी वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मग कळलं, तेव्हा तोही तिथंच भिंतीला टेकून हसत सुटला.

त्या दिवशी तिनं पुरण शिजवलं, घोटलं. पोळपाटाखाली पाट ठेवून उभ्यानं पोळ्या लाटल्या. चिंचवणी उकळताना दगडावर सांडली, तिनं फडक्यानं पुसली, दगड होता तसाच. पितरांना नैवेद्य दाखवून झाला. जानरावमामा पंगतीला बसले, चार पोळ्या खाल्ल्या आणि हात धुऊन बहिणीसमोर येऊन बसले. "मंग बाई, प्रयागचं कसं करतं?"

कस्तुराबाई ओट्यापाशी उभी होती. हातातला पोळी उलटायचा सराटा हातातच राहिला.

गोजराबाईनं सुपारी कातरली, सावकाश तोंडात टाकली. "तिच्यासाठी दुसरं घर पाह्य, जानराव. आमच्या चुलीपाशी बसाले जागा नाई राह्यली. तिथी एकच बाई उभी राह्यते."

एवढंच. सराटा खाली ठेवून कस्तुराबाईनं एक अख्खी पुरणपोळी घेतली, तिच्यावर तुपाची धार सोडली आणि पाय ओढत गोठ्यात गेली. बैलपोळ्याचा मान चांद्याला त्या वर्षी आखाजीलाच मिळाला.

प्रयागचं लग्न पुढच्या वर्षी शेलूबाजारच्या एका तरुण शेतकऱ्याशी झालं. पाच-सहा वर्षांनी ती एकदा किन्हीराजाला आली. तिनं ओट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "वयनी, त्या आखाजीले मी घरी देव पान्यात घालून बसली होती. तुमचा सैपाक जमावा म्हनून."

इतक्या वर्षांत ह्या पोरीला इंद्रभानशी लग्न हवं होतं की नको, हे कुणी विचारलंच नव्हतं. कस्तुराबाईनंही नाही.

"मले बी असा ओटा पायजे," प्रयाग म्हणाली. "माप देता काय?"

कस्तुराबाईनं कडब्यातून एक धांडा उपसला, प्रयागला ताठ उभं केलं, तिचा हात कोपरात वाकवला. तळहात आला तिथं खूण केली. मग त्या खुणेपासून चुलीएवढं खाली मोजून तिनं धांडा स्वतःच कापला आणि कापलेला तुकडा गोठ्यात नेऊन चांद्याला घातला.